मिसरीचं पाणी

"पे. पे माय, पे. मन्हा जलमनं पानी पे."

झुंबरबाईनं बादली घोडीपुढे आदळली तसं निम्मं पाणी तिच्याच पायांवर आलं. मार्गशीर्षातली सकाळ. पाणी असं गार की बोटं आपली राहत नव्हती. मिसरीनं नाक पाण्याला टेकवलं, फुर्र केलं, झुंबरबाईच्या पदरावर शिंतोडे उडवले आणि मान वर करून उगवतीकडे बघत राहिली, जणू तिकडून कोणी पाहुणा यायचा होता.

"नखरा नको करू. कोन येनार शे तुले देखाले? तुन्हा मालक झोपेल शे. मी उठेल शे. मन्ही कंबर उठेल शे. पे, नहीतर वती दिसू नालीमा."

मग घोडी प्यायली. रोज असंच चालायचं. आधी शिव्या, मग पाणी. लांब गळ्यातून एकेक घोट खाली उतरताना दिसायचा, कातड्याखालून लिंबू घरंगळत जावं तसा. पोट टम्म झालं होतं तिचं. दिवस भरत आले होते.

मिसरी अरबी होती. धुळ्याच्या पांझराकाठच्या त्या गावात बैल होते, ट्रॅक्टर होते, वरातीच्या घोड्याही होत्या. अरबी ही एकच. सफेद, उन्हात उभी राहिली की दुधावरच्या सायीसारखी दिसायची. पुनम ज्या वर्षी सून होऊन आली त्याच वर्षी पुण्याकडच्या एका मोडीत निघालेल्या तबेल्यातून मिसरीही आली. टेम्पो दोन लागले होते दारात. झुंबरबाईचे यजमान मोतीलाल आबा ओवाळणीचं ताट घेऊन आधी धावले ते घोडीच्या टेम्पोकडे. पुनम ते अजून सांगायची आणि हसायची. झुंबरबाई हसायची नाही.

आबांचं हे वेड लहानपणचं. बाजाराला बापाबरोबर धुळ्याला गेले असताना टांगा अड्ड्यावर त्यांनी टांगेवाल्या रहीमच्या बापाचा पांढरा अरबी घोडा पाहिला होता. त्या घोड्यानं पोराच्या हातातलं उसाचं कांडकं खाल्लं आणि पोर त्या दिवसापासून कामातून गेलं. पुढे लग्न झालं, जमीन वाट्याला आली, ललित झाला. आबांच्या दावणीला मात्र घोडी यायची आणि जायची. एकीला अरबी म्हणून आणलं, ती शर्यतीची निघाली. एक पोटशूळ उठून मेली. एकीला शिंगरू झालं, ते धड अरबी नाही धड काठेवाडी नाही. त्याचे टोकं आत वळून टेकलेले कान बघून गावातली पोरं टोपी घालून दाखवायची. मिसरी ही शेवटची, असं आबा म्हणाले होते. त्याच्या आधीची पण शेवटचीच होती.

घोडी आबांची. लीद काढायची झुंबरबाईनं. हरभरा भिजवायचा झुंबरबाईनं, कडबा तोडायचा झुंबरबाईनं. आबा तिच्या अंगावरून हात फिरवायचे आणि "बेटा, जान, नूर" असलं काहीबाही बोलायचे. बोलून झालं की चहा मागायचे. कापूस वेचताना झुंबरबाईनं एकदा ओळ जोडली होती. ती बायांनी इतकी उचलली की आता परक्या शेतातही ऐकू यायची:

*घोडीना पाठवर मखमलनं जीन वं*
*मन्हा कंबरमा हंडाना शीन वं*

आबांनी ती ऐकली होती. "चाल चांगली शे," म्हणाले होते.

त्याच सकाळी मुक्ताईनगरहून फोन आला. मोठी बहीण सुगंधाबाई न्हाणीत घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता पाठीवर पडून. मुलगा केळीच्या गाडीवर, सून शाळेवर खिचडी शिजवायला. दिवसभर घरात ती आणि भिंत.

"ये व झुंबर," सुगंधाबाई म्हणाली. साक्रीकडची बोली तिनं इतकी वर्षं तिकडे काढूनही सोडली नव्हती. "महिनाभर ये. कोनले पानी मांगू? परकं माणूस उचली तर लाज वाटस."

झुंबरबाईची दोन्ही बाळंतपणं सुगंधाबाईनं काढली होती. दुसरं पोर जगलं नाही तेव्हा तिनंच ते पदरात गुंडाळून नेलं होतं आणि झुंबरबाईला पाहू दिलं नव्हतं. त्या बहिणीकडे मिसरी आल्यापासून झुंबरबाई एक रात्र राहिलेली नव्हती. कारण एकच. मिसरी दुसऱ्या कोणाच्या हातचं पाणी पीत नव्हती. एकदा झुंबरबाई मयताला गेली आणि अडकून पडली, तर घोडी दुसऱ्या दिवसापर्यंत कोरडी उभी राहिली, मग पोट धरून लोळली. डॉक्टर आले, नालबंद अतिक आला, सगळ्यांनी तिला आळीपाळीनं गावभर फिरवलं. तेव्हापासून झुंबरबाई सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

तिनं आबांपुढे जाऊन सरळ सांगितलं. आबा दाढी करत होते.

"मी अक्काकडे जास. महिनाभर."

आबांनी आरशातून पाहिलं. "घोडी याई जाऊ दे, शिंगरू व्हई जाऊ दे."

"आन मंग?"

"मंग इकी टाकसू. घोडी बी, शिंगरू बी. अरबीना पोटे अरबी, मन्हा आंगनमा. एकडाव देखी लिधं का मन्हं काही म्हननं नही. कानबाईनी आन."

घरच्या देवीची, कानबाईची शपथ आबांनी आजवर घेतलेली नव्हती. घोड्याच्या बाबतीत तर नाहीच. झुंबरबाईनं त्यांच्या साबणानं भरलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि जाऊन पिशवी काढली. दोन लुगडी, बहिणीसाठी उडदाचे पापड, एक मऊ गोधडी. पिशवी खुंटीला लावून ठेवली.

*

घोडी उजाडता उजाडता व्याली.

सडांवर मेणासारखे थेंब आदल्या दिवशीच दिसले होते, म्हणून आबांनी अतिकला मुक्कामालाच बोलावलं होतं. अतिकचे आजोबाही नालबंद, बापही नालबंद. आता नाल मारायला घोड्या राहिल्या नव्हत्या म्हणून तो एरवी ग्रिल-गेटचं वेल्डिंग करायचा. मिसरी खाली बसली, उठली, परत बसली. पांढऱ्या पडद्यातून दोन खुरं दिसली, मग त्यांवर टेकलेलं नाक. झुंबरबाई गरम पाण्याचं पातेलं घेऊन उभी होती आणि तिला कोणी ते मागत नव्हतं.

शिंगरू एकदाचं सुटून भुशावर घसरलं. मादी, शिंगी. ओली, काळीकुट्ट.

"काळी?" पुनम दारातून म्हणाली.

"काळंच जन्मतं ते," आबा म्हणाले. "पुढे पांढरं होतं." सुनेशी बोलताना ते गावठी बोलत नसत. मग ते ओल्या भुशात तसेच बसले आणि शिंगीचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. "अतिक, देख. नाकनी खोल देख. कान देख, बोरूना टोकगत! एक रेघ चुकेल नही. रहीमभाईले फोन लाव. त्याना शबाब घोडानी पोर शे ही, सांग त्याले."

आबा रडत होते. उघडं रडत होते. झुंबरबाईनं त्यांना त्यांच्याच बापाच्या मयतात असं रडताना पाहिलं नव्हतं. तिला काही वाटायला हवं होतं. हातातलं पातेलं पोळत होतं तेवढंच वाटलं.

अतिक गोणपाटानं शिंगीचं अंग पुसत होता. तोंड पुसता पुसता त्याचा अंगठा डाव्या डोळ्याखाली थांबला. त्यानं परत पुसलं. केस उलटे फिरवले, ते परत तसेच गोल झाले.

"आबा," तो हळूच म्हणाला, "आसूढाळ आहे."

पुनमला कळलं नाही. अतिकनं सांगितलं, "भोवरा, वहिनी. डोळ्याच्या खाली, आसू जिथून वाहतात तिथं. घोडेवाले मानतात की अशी घोडी ज्याच्या दारात, त्याच्या घरात रडणं. फुकट दिली तरी नेत नाहीत."

आबा हसले. नाक पुसून हसले. "अरे, भोवरा देखतस ते मारवाडी आन काठेवाडीवाला. अरबीले भोवरा नही देखतस! मन्ही जिंदगी गई हाई सांगता सांगता."

"मैं तो मानता नहीं, आबा. लोक मानतात." अतिकनं झुंबरबाईकडे पाहिलं. "भाभी, तुम्ही मनावर नका घेऊ. मालकीण रडते वगैरे, सगळं बोलायचं."

"कसाले मनवर लेऊ?" झुंबरबाईनं पातेलं खाली ठेवलं. "ह्या घरना भोवरा दोन पायवर चालस. दाढी करस आन च्या मांगस."

अतिक गोणपाटात तोंड घालून हसला. आबांना ऐकूच गेलं नाही. शिंगी पायांवर उभी राहायला धडपडत होती. चार काठ्या चार दिशांना, आणि मध्ये तो एवढासा जीव. पडली. परत उठली. झुंबरबाई बघत राहिली आणि आपण बघतो आहोत हे लक्षात येताच बादली घेऊन नळाकडे गेली. बाळंतिणीला पाणी लागतं. शिव्याही लागतात.

*

सारंगखेड्याची यात्रा उठत होती. घोड्यांचे व्यापारी परतीच्या वाटेवर होते आणि आबांकडे अरबी घोडी व्याल्याची खबर त्यांच्या आधी रस्त्यावर पोचली होती.

पहिला आला छगन नावाचा व्यापारी, गळ्यात रुमाल, तोंडात पान. त्यानं मिसरीचे दात पाहिले, खुरं ठोकून पाहिली, तिला अंगणात फिरवलं. शेपूट वर करून मिसरी चालली तेव्हा तो पान चावायचा थांबला. झुंबरबाई आत चहाला दूध टाकत होती. बाहेर बोलणं चांगलं चाललं होतं. चहा घेऊन बाहेर आली तर छगनची जीप वळत होती.

"काय व्हयनं?"

"त्याले काठेवाडी लागस," आबा म्हणाले आणि छगनचा चहा पण प्याले.

मग शिरपूरकडचे दोघे भाऊ आले. तेही असेच गेले. मग एक आला तो चहा अर्धा टाकून गेला, जाताना झुंबरबाईला हात जोडून "सांभाळून राहा मावशी" म्हणाला. तिला वाटलं, याचं डोकं फिरलंय.

दर दोन दिवसांनी सुगंधाबाईचा फोन यायचा. आधी ती विचारायची, मग टोमणे मारायची.

"याली का तुन्ही राणी?"

"याली."

"बारसं व्हई जाऊ दे. मंग ये. तवलग मी पडेल शे, कोठे जाई ऱ्हायनू?"

झुंबरबाई फोन ठेवून खुंटीवरच्या पिशवीकडे पाहायची. पापडांना कुबट वास यायला लागला होता. ते तिनं काढून उन्हात टाकले आणि परत भरले. कापसाची शेवटची वेचणी चालू होती, बाया मिळत नव्हत्या, ललित मालाचा ट्रक घेऊन इंदूरकडे गेला होता. सकाळी घोडी, दिवसभर कापूस, बोंडांच्या काट्यांनी नखांच्या कडा फाटलेल्या, संध्याकाळी परत घोडी. लीद उचलताना कंबर अशी धरायची की तिथंच बसावंसं वाटायचं. आणि आबा शिंगीला ऊन लागावं म्हणून खाट टाकून तिच्याशेजारी बसलेले, हातात मऊ ब्रश.

"लीद उचला एखादं घमेलं," ती एकदा म्हणाली.

"तुन्हागत जमत नही माले," आबा म्हणाले. कौतुकानं म्हणाले.

मग अभिमन आला. धुळ्याचा. त्याच्याकडे वरातीच्या घोड्या होत्या, बग्गी होती, लग्नसराईत त्याला वेळ मिळायचा नाही. माणूस खरा गिऱ्हाईक होता. मिसरीकडे बघतानाच त्याच्या डोळ्यांत नवरदेव बसलेला दिसत होता.

"आबा, दोघी नेतो," अभिमन म्हणाला. "मायलेकी. मला सफेद घोडी पाहिजेच होती."

झुंबरबाईनं आत देवापुढे हात जोडले. चहा गाळला. कपबशा घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली.

आबांनी शिंगीला जवळ ओढलं होतं. तिच्या तोंडावरचे केस एका हातानं मागे धरले होते. दुसऱ्या हाताचं बोट तिच्या डाव्या डोळ्याखाली.

"हाई देखी ले बरं अभिमन. आसूढाळ शे. मांगून म्हनू नको, आबानी सांगं नही."

अभिमन वाकला. पाहिलं. आणि कोणी अंगावर पाणी ओतावं तसा मागे सरला. "आबा, वरातीला? नवरा-नवरीपुढे ही?" त्यानं कानांना हात लावले. चहा नकोच म्हणाला.

त्याची मोटारसायकल वळेपर्यंत झुंबरबाई उंबऱ्यातच उभी होती. आबा वळले. बायको दिसली तसं त्यांचं बोट आपोआप शिंगीच्या डोळ्याखालून निघालं.

"सगळास्ले दखाडं?" झुंबरबाईनं विचारलं. "त्या छगनले? शिरपूरवालास्ले?"

"खोटं बोलू का मंग? गिऱ्हाईकले फसाडू?"

"सत्यवादी!" तिनं ट्रे ओट्यावर ठेवला. कप वाजले. "जलमभर गावले सांगं, अरबीले भोवरा नही देखतस. भोवरा देखस तो गाढव. कोनी सांगं व्हतं? तुमीच ना? आन आते सोता बोट लाई लाई दखाडतस!"

"लोके मानतस..."

"लोके मानतस, म्हनीसन तुमी बी मानाले लागनात? का घोडी इकाई जाई म्हनीसन?"

आबा शिंगीच्या मानेत बोटं घालून खाजवत राहिले. चोरी पकडलेल्या पोरासारखा चेहरा, आणि तरी डोळ्यांत कुठेतरी, खोलवर, गिऱ्हाईक गेल्याचा आनंद. तो आनंद झुंबरबाईला दिसला. तोच तिच्या जिव्हारी लागला.

"कानबाईनी आन लिधी व्हती."

"इकसू ना. मी कोठे नही म्हनस?"

"तिना डोया दुन्याले दखाडात," झुंबरबाई म्हणाली, "मन्हा डोयामा कधी देखं का तुमी?"

पुनम आतून आली होती, ती परत आत गेली.

दुसऱ्या सकाळी झुंबरबाईनं बादली भरली, मिसरीपुढे ठेवली, नेहमीसारख्या शिव्या दिल्या, जरा जास्तच दिल्या. घोडी प्यायली. मग तिनं हात धुतले, पिशवी खुंटीवरून काढली.

"इका का ठेवा," ती खाटेकडे बघून म्हणाली. "मी चालनू."

आबा गोधडीतून उठून बसले. "आन पानी?"

"बादली तठे शे. नळ तठे शे. हात तुमले शेतस."

आबांना वाटलं, फाट्यावरून परत येईल. पुनमनं नंतर सांगितलं की ते दुपारपर्यंत रस्त्याकडे तोंड करून बसले होते. घोडीही.

*

धुळ्याहून जळगाव, जळगावहून मुक्ताईनगर. खिडकीतून आधी कापूस गेला, मग केळी. झुंबरबाईनं पिशवी मांडीवर धरली होती. कंबर दुखत होती आणि कोणाला सांगायचं काही नव्हतं, हे तिला फार बरं वाटलं.

सुगंधाबाई पाठीवर पडलेली. निम्मी झाली होती. तिनं बहिणीला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते, "घोडी कोठे बांधी?"

"चूप ऱ्हाय."

झुंबरबाईनं तिला कुशीवर वळवलं, पाठ पुसली, वेणी घातली, पायांना तेल लावलं. सुगंधाबाई तेल लावताना रडली आणि म्हणाली तेल डोळ्यात गेलं. संध्याकाळी दोघींनी एका ताटात जेवण केलं, एकीनं बसून, एकीनं पडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुनमचा फोन आला.

"आई, ती पाणीच पीत नाही. काल तुम्ही पाजलं तेवढंच."

"मी काय करू?"

"सगळं करून बघितलं. आबांनी बादली धरली, बेटा बेटा केलं, तिनं त्यांच्याकडे पाठ केली. अतिकभाईंनी जिभेवर मीठ लावलं. तुमचं जुनं लुगडं नेसून मी गेले, तिनं वास घेतला आणि माझा पदर चावला. डॉक्टर म्हणतात सलाईन लावू, पण दूध आटायला लागलंय, आई. शिंगी सारखी धडका मारते आणि काही येत नाही. ओरडते ती."

मागून खरंच एक बारीक, चिरका आवाज येत होता.

"मरू दे," झुंबरबाई म्हणाली आणि फोन खाटेवर टाकला.

सुगंधाबाईनं सगळं ऐकलं होतं. तिनं तोंड भिंतीकडे केलं. "जाय," ती म्हणाली. "साडेदहानी गाडी शे. जाशी तर जाय. मी काही म्हनस नही."

झुंबरबाई उठली. खुंटीवरची पिशवी बघितली. बहिणीची वेणी बघितली, कालच घातलेली. फोनमधून ते पोर ओरडतच होतं. आणि ती एकदम उसळली. दया नव्हती ती. इतक्या वर्षांचा संताप होता, पहाटेच्या गार पाण्याचा, लिदीच्या घमेल्यांचा. तिनं फोन उचलला.

"पुनम! फोन मोठा कर. तिना कानले लाव. बादली पुढे ठेव."

"लावला, आई."

"ए भवाने!" झुंबरबाई ओरडली. शेजारच्या घरातली बाई दारात आली. "ए महाराणी! आठे बी सुख देवाव नही का माले? मन्ही बहीन पडेल शे, तिले सोडीसन तुले पाजाले येऊ का? कोन समजस तू सोताले? अरबस्थानमा जनमली म्हनीसन काय पाय धरू तुन्हा? तुन्हं पोर वरडी ऱ्हायनं, तुले आयकू येत नही? माय व्हयनी ना आते? मंग माय व्हवानं शीक! पे! पे मुकाट, नहीतर मी येसू आन तीच बादली तुन्हा डोकामा घालसू!"

तिला दम लागला. फोनमध्ये काहीच नव्हतं. एक साखळी वाजली. मग तो आवाज आला, जो तिला झोपेतही ओळखता आला असता. घोट. त्यामागे घोट.

"आई, पितेय! आई, बादली संपली! आबा, दुसरी आणा, दुसरी!"

सुगंधाबाई भिंतीकडे तोंड करून हसत होती. हसताना खुबा दुखत होता म्हणून कण्हत होती, आणि कण्हता कण्हता परत हसत होती.

झुंबरबाई खाली बसली. फोन अजून चालूच होता, हे तिच्या लक्षात नव्हतं, किंवा असेल. आवाज उतरला. "पे व माय," ती म्हणाली. "पोटभर पे. तुन्हामांगे एक जीव शे." मग, "आन त्या माणूसले म्हना, सकायना थंडीमा भाईर बसस, गुडघाले फडकं बांध. आयकी तर आयकी, नहीतर जाऊ दे भोवराले."

*

पुनमनं ते सगळं मोबाईलवर भरून घेतलं होतं. मग रोज सकाळ-संध्याकाळ अंगणात झुंबरबाईचा आवाज घुमायला लागला. ए भवाने, ए महाराणी. रस्त्यानं जाणारे थांबायचे. शेजारची दिपमाला पहिल्या दिवशी धावत आली, झुंबर अक्का कधी आली म्हणून. कापसातल्या बायांना तर पाठच झालं. एकीनं बोंड तोडलं की दुसरी म्हणायची, अरबस्थानमा जनमली का तू. मिसरी पीत होती. दूध उतरत होतं.

झुंबरबाई बहिणीला वॉकर धरून दारापर्यंत चालवायला लागली तेव्हा पुनमचा परत फोन आला. बोलता बोलता तिनं सांगितलं की धुळ्याचा एक माणूस येऊन गेला. पोरांना घोड्यावर बसायला शिकवतो. शिंगी त्याला फार आवडली.

"आन यासनी बोट लाये का भोवराले?"

"नाही, आई. त्या माणसानंच विचारलं, डोळ्याखाली काय आहे. तर आबा म्हणाले, भोवरा आहे, पण अरबीला भोवरे बघत नाहीत. एवढंच बोलले आणि घरात जाऊन बसले. दूध तुटलं की तो माणूस तिला नेणार आहे."

"आन मिसरी?"

"मिसरीचं काही बोलले नाहीत. तो माणूस तिलाही मागत होता. आबा म्हणाले, तिचं मी सांगू शकत नाही, तिची मालकीण गावाला गेलीय."

"चतुर शेतस," झुंबरबाई म्हणाली. "लीद कोन काढस?"

"आबा. वेडीवाकडी काढतात. पण काढतात." पुनम हसली. "आणि आई, ती आता रेकॉर्ड न लावताही पिते. आबांनी बादली ठेवली की पिते. चार-पाच दिवस झाले."

"मंग बंद करा ना ते! गाव आयकस. मन्ही अब्रू ऱ्हायनी का काही?"

"मी केलं होतं बंद."

"मंग?"

"आबा लावतात. मोबाईल मागून घेतात माझा. शेवटचा तुकडा फक्त. दोनदा-तीनदा लावतात."

झुंबरबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. परत गुंडाळलं.

"फडकं बांधतस का?"

"बांधतात."

"मेला भोवरा," झुंबरबाई म्हणाली आणि फोन बंद केला.

"काय व्हयनं व?" सुगंधाबाईनं खाटेवरून विचारलं.

"काही नही. गोळी लेवानी शे तुन्ही." झुंबरबाईनं तांब्या भरला, बहिणीच्या मानेखाली हात घातला आणि भांडं तिच्या तोंडाशी नेलं. "पे."

सुगंधाबाईनं ओठ मिटून घेतले. डोळे मात्र हसत होते.

"अशी नही," ती म्हणाली. "पहिले शिव्या दे."